थाप मारायची कशी

सोमवारी जिराफाच्या मानेवर नायटा निघाला, मंगळवारी त्याच्याच दंडावर, आणि बुधवारी सकाळी साडेसहाला कोचने सगळ्या वर्गाला भिंतीशी ओळीने उभं केलं. माना बघितल्या, काखा बघितल्या, हातापायांची नखं बघितली.

“हे नख आहे की नांगर?” तिने बेकरीवाल्याला विचारलं.

“काल कापणारच होतो, कोच.”

“काल कापणार होता, परवा कापणार होता. जा, नेलकटर टेबलावर आहे. आणि जिराफ, तू घरी. डाग जाईपर्यंत मॅटवर पाऊल टाकायचं नाही.”

जिराफ हा वीज खात्यातला साडेसहा फुटी माणूस. त्याला शिडी लागत नाही, असं सगळे म्हणत. तो एवढासा चेहरा करून कपडे बदलायला गेला.

कोचची अकादमी म्हणजे फर्निचरच्या कारखान्यावरचा एक लांबुळका हॉल. खाली करवत सुरू झाली की वर निळ्या मॅट थरथरत आणि खिडकीच्या फटीतून भुसा येई. तिथे ती ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवायची. यात ठोसे नाहीत की लाथा नाहीत. समोरच्याला जमिनीवर घ्यायचं, आणि त्याचा हात, पाय नाहीतर गळा असा अडकवायचा की त्याने आपणहून हार मानावी. पण शिकवणं हे तिच्या कामातलं सगळ्यात सोपं काम होतं. बाकीचा दिवस मॅट पुसण्यात, न धुतलेल्या कपड्यांवरून भांडण्यात, तुंबलेल्या मोरीत हात घालण्यात आणि “यात चेंडू कुठला वापरतात?” असल्या फोनना उत्तरं देण्यात जाई. वर्षाला चाळीस जण “आजपासून रोज येणार” म्हणून येत. त्यातले चार टिकत, आणि त्या चारांतल्या दोघांची नखं वाढलेली असत.

त्या बुधवारी नखांची तपासणी चालू असतानाच दार उघडलं आणि सासरे आत आले. अंगात कोरा पांढरा गी, म्हणजे या खेळाचा जाड कापडाचा झब्बा आणि विजार. झब्ब्याच्या बाह्यांना इस्त्रीची सुरीसारखी घडी. पायात बूट, आणि बूट मॅटवर.

“बाबा, बूट!” कोच ओरडली.

“स्वच्छ आहेत,” सासरे म्हणाले. “सूनबाई, सहा एकतीस झाले. तुझा वर्ग साडेसहाचा ना?”

घरात हे आदल्या रात्रीच ठरलं होतं, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. सासरे बस डेपोत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर त्यांना नियंत्रणासाठी एकट्या सासूबाईच उरल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून पाहिले, पोटाकडे पाहिलं आणि हालचाल करा म्हणून सांगितलं. सासूबाईंनी संधी साधली. “दिवसभर माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा सूनबाईकडे जा,” त्या म्हणाल्या. “तिथे लोक पैसे देऊन एकमेकांच्या अंगावर लोळतात. तुम्ही फुकट लोळा.”

पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी भिंतीवर हजेरीचा तक्ता लावला. दुसऱ्या आठवड्यात डेपोतली शिट्टी आणली. कोचने “थांबा” म्हणायच्या आत शिट्टी वाजे आणि सगळे दचकून एकमेकांना सोडून देत. तिने शिट्टी काढून घेतली, तर ते टाळ्या वाजवायला लागले. एकदा ती मोरीशी झटापट करत असताना एक बाई चौकशीला आल्या. सासऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि नाव, वय, वजन, व्यवसाय, घरात कोण कोण, मिस्टरांचा याला होकार आहे का, असं सगळं विचारलं. कोच हात धुऊन बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

“गेल्या,” सासरे म्हणाले. “टिकणाऱ्यातल्या नव्हत्याच.”

“बाबा, महिनाभरात चौकशीला आलेलं हे पहिलं माणूस होतं!”

“म्हणून तर नीट चौकशी केली.”

रात्री नवऱ्याकडे तक्रार करायची सोय नव्हती. नवरा मवाळ माणूस, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकून आलेला. तो म्हणे, “अगं, माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झालीय.” ती म्हणे, “तू निदान सुपारी तरी आहेस. इथे माझं पीठ झालंय.”

हे सगळंही तिने गिळलं असतं. पण सासरे थाप मारत नव्हते.

या खेळात एकच नियम खरा. अडकलात, दुखायला लागलं, श्वास कोंडला, की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा थाप मारायची. समोरचा त्याच क्षणी सोडतो. त्यात लाज नाही, वाद नाही. हात मिळवून पुन्हा सुरू. नवा माणूस आला की कोच बाकी काही शिकवायच्या आधी हे शिकवे. सासऱ्यांनाही शिकवलं होतं.

“अडकलात की थाप मारायची, बाबा.”

“मी आयुष्यात कधी थाप मारलेली नाही,” सासरे म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. कोचही हसली. तेव्हा तिला तो विनोद वाटला होता.

पण पहिल्याच आठवड्यात बेकरीवाल्याने त्यांचा हात कोपरातून सरळ ताणला, तेव्हा सासरे लाल झाले, घामाघूम झाले, आणि छताकडे बघत राहिले. बेकरीवाल्यानेच घाबरून सोडलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कोपर टम्म सुजलं. घरी त्यांनी “दारावर आपटलं” म्हणून सांगितलं. सासूबाईंनी बर्फाची पिशवी बांधली आणि स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाल्या, “मी माणूस धड पाठवला होता हो. परत येताना तपासून घ्यायला हवा होता.”

कोचने सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं. मग जरा कडक शब्दांत सांगितलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. सासऱ्यांनी अक्षर सुधारून दिलं. ती मनातल्या मनात दहापर्यंत मोजायला शिकली, आणि मग दहा पुरेनात.

ते शुक्रवारी घडलं. सासऱ्यांची जोडी नर्सशी होती. नर्स म्हणजे बुटकीशी, हसरी बाई. रात्रपाळी संपवून थेट वर्गाला यायची आणि दुप्पट वजनाच्या माणसांना पोतं वळवावं तसं वळवायची. तिने सासऱ्यांच्याच झब्ब्याची कॉलर धरून त्यांच्या गळ्याभोवती फास घेतला. हळूच, बेतानेच.

“काका, लागलंय का?”

“कुठे काय लागलंय?” सासरे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

कोच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, डाग जाऊन परतलेल्या जिराफाला पायाची पकड दाखवत होती. तिने मान वर केली तेव्हा सासऱ्यांचा हात मॅटवर पडलेला दिसला. बोटं उघडी, सैल. नर्सला कळलं होतं. तिने फास सोडला, त्यांना उताणं केलं, पाय उचलून धरले. सासरे घोरत होते. मॅटवरून धावताना कोचच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की घरी जाऊन हे आईंना कसं सांगायचं.

आठ-दहा सेकंदांत सासऱ्यांनी डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं.

“गाडी सुटली का?” त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. नर्सने त्यांची नाडी धरली, दोन-चार प्रश्न विचारले, आणि कोचकडे बघून मान हलवली. ठीक होते. सासरे उठून बसले, झब्बा सरळ केला आणि म्हणाले, “काही झालं नाही. डोळे मिटून विचार करत होतो.”

तिथे कोचचा बांध फुटला.

“उठा,” ती म्हणाली. “पट्टा सोडा. उद्यापासून इथे यायचं नाही.”

“सूनबाई...”

“इथे कुणी सूनबाई नाही! ही बाई रात्रभर जागून येते, ती काय तुमच्या मरणाला कारण व्हायला? तुम्हाला मरायचं असेल तर घरी मरा. माझ्या मॅटवर नाही.”

शेवटचं वाक्य तोंडातून सुटलं तसं तिला ते परत ओढून घ्यावंसं वाटलं. खाली नेमकी करवत बंद होती, त्यामुळे शब्द न् शब्द सगळ्यांनी ऐकला. सासऱ्यांनी पट्टा सोडला, घडी केली, आणि कुणाकडे न बघता जिना उतरले. नर्स त्यांच्यामागे धावली आणि त्यांना स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं. काही नव्हतं. महिनाभर गळ्याला कुणी हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं.

घरात पाच दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. सासरे जेवताना ताटाकडे बघत. मीठ हवं असलं तर मुलाला सांगत, मुलगा बायकोला सांगे, आणि मीठ सासऱ्यांच्या हाताशीच असे. सासूबाईंना कुणीतरी बातमी पोचवली होतीच. त्यांनी सुनेशी अबोला धरला नाही, तो धरला असता तर बरं झालं असतं. “आमच्या वेळी सासऱ्यांसमोर आवाज चढवायची टाप नव्हती,” असं त्या भांड्यांना सांगत होत्या.

कोचला राग सासऱ्यांचा येत होता, सासूबाईंचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येत होता. ती बरोबर होती. आणि तरी चुकली होती. हे दोन्ही एकदम खरं कसं असतं, याचाच तिला वैताग आला होता.

सहाव्या दिवशी, सकाळचा वर्ग संपल्यावर, ती एकटी जंतुनाशकाची बादली घेऊन मॅट पुसत होती. दारात सावली पडली. सासरे होते, साध्या शर्ट-पॅन्टमध्ये. बूट त्यांनी बाहेरच काढले होते.

“ओलं आहे, बाबा. घसराल.”

“मी इथेच उभा आहे.” त्यांनी ओल्या मॅटकडे पाहिलं. मग म्हणाले, “एक विचारायचं होतं. थाप मारल्यावर समोरचा सोडतोच, याची हमी कोण देतं?”

“हमी कसली? सोडतोच. नियम आहे.”

“नियम,” सासरे म्हणाले. “नियम मीही पुष्कळ बघितले.”

मग तिथेच दारात उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. डेपोत असताना, निवृत्तीच्या नऊ वर्षं आधी, त्यांनी एका ड्रायव्हरला लागोपाठ दुसरी पाळी दिली होती. माणसं कमी होती, गाडी काढायची होती. पहाटे त्या ड्रायव्हरचा डोळा लागला आणि गाडी भिंतीत गेली. प्रवासी वाचले, पण ड्रायव्हरचा पाय मोडला, तो कायमचा लंगडा झाला. मोठ्या साहेबांनी सासऱ्यांना खोलीत बोलावलं. चूक लिहून द्या, म्हणाले, प्रकरण इथेच मिटेल. चूक होतीच. सासऱ्यांनी लिहून दिली.

“मिटलं नाही,” ते म्हणाले. “नऊ वर्षं तो कागद साहेबांच्या खणात होता. मी बैठकीत तोंड उघडलं की तो टेबलावर यायचा. बढतीच्या वेळी आला. माणसं वाढवा म्हणून मी भांडलो, तेव्हाही आला. निरोपसमारंभाच्या भाषणातसुद्धा एकाने थट्टेत काढला. सगळे हसले, मीही हसलो.” त्यांनी घसा साफ केला. “मी थाप मारली होती, सूनबाई. कुणी सोडलं नाही.”

कोचच्या हातात पोछा तसाच राहिला. पाणी ठिबकून तिच्या पायावर पडत होतं.

“आईंना माहीत आहे?”

“अपघात माहीत आहे. कागदाचं नाही.”

“बाबा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा चढलाच, “हे पहिल्या दिवशी सांगता येत नव्हतं? कोपर सुजवून घेतलंत, बेशुद्ध पडलात, त्या बेकरीवाल्याला रात्रभर झोप नाही आली!”

“पहिल्या दिवशी तू नखं तपासत होतीस.”

तिने दहा मोजले. मग पोछा भिंतीला टेकवला, मॅटचा कोरडा कोपरा बघून बसली आणि म्हणाली, “या इकडे. बसा समोर.”

तिने त्यांचा बरा हात घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि मनगट किंचित वळवलं. दुखेल असं नाही, फक्त जाणवेल असं.

“मारा थाप.”

सासऱ्यांनी एका बोटाने तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली. तिने हात सोडला.

“ही थाप नाही, दारावरची कडी वाजवलीत. पुन्हा.”

पुन्हा धरलं. त्यांनी तळहाताने मारली. सोडलं. पुन्हा. सोडलं. सातव्या-आठव्या वेळी तिच्या लक्षात आलं की सासरे तिची परीक्षा घेताहेत. कधी पकड बसायच्या आधीच थाप मारत, कधी तिला बोलण्यात गुंतवून मधेच मारत. एकदा तिचा फोन वाजला, तिची नजर तिकडे गेली, आणि त्यांनी नेमकी तेव्हाच मारली. तिने न बघता सोडलं. त्यांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“झोपेत असलीस तर?”

“झोपेतसुद्धा सोडेन. तुमच्या मुलाला विचारा, झोपेत पांघरूणसुद्धा सोडते.”

सासरे हसले नाहीत, पण “पुन्हा” म्हणाले. अर्धा तास ते तेच करत बसले. मॅट वाळून गेली. उठताना त्यांचे गुडघे कडकड वाजले, आणि तिने हात दिला तो त्यांनी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्गात आले तेव्हा सगळे एकदम आपापल्या पट्ट्यांच्या गाठी सोडून बांधायला लागले. कोचने सगळ्यांना गोल बसवलं. हे तिने रात्रभर घोकलं होतं.

“मागच्या शुक्रवारी मी बाबांना सगळ्यांसमोर जे बोलले,” ती म्हणाली, “ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. थांबवणं बरोबर होतं. बोलणं चुकलं. माझं चुकलं, बाबा.”

सासऱ्यांना हवं असतं तर त्या वाक्यावर त्यांनी वर्षभर गुजराण केली असती. घरी, वर्गात, मुलासमोर, जेवताना. ती ते धरूनच चालली होती.

सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “बरं. झालं ते झालं,” ते म्हणाले. “सहा चौतीस झालेत, कोच. वर्ग सुरू करा.”

त्यांनी तिला कोच म्हटलं, हे जिराफाच्याही लक्षात आलं.

जोडी तिने नर्सशीच लावली. गळ्याला मनाई होती, म्हणून नर्सने हात धरला. तीच घाबरलेली होती, मांजराचं पिलू धरावं तसं धरलं. सासरे म्हणाले, “अहो, नीट धरा. अशाने मला कळणार कसं?” तिने नीट धरलं. कोपर ताणलं गेलं, सासऱ्यांचे ओठ घट्ट मिटले, डोळे छताकडे गेले. कोच दोन पावलं पुढे सरकली. तेवढ्यात त्यांचा हात उचलला गेला आणि नर्सच्या खांद्यावर फाड फाड पडला. इतका जोरात, की हॉलभर आवाज घुमला. दुसरी थाप पडायच्या आत नर्सने हात सोडला होता.

सासरे उठून बसले. नर्सकडे पाहिलं.

“इतक्यात?”

“मग काय, काका, चहाला थांबायचं होतं?”

कोचने तोंड फिरवलं आणि उगाचच खिडकी बंद केली.

त्यानंतर सासरे रोज आले. खेळ त्यांना काही फारसा आला नाही. सकाळी सात-आठ वेळा थाप मारत, आणि प्रत्येक थापेनंतर समोरच्याला त्याची पकड कुठे कच्ची होती ते समजावून सांगत, आपल्याला ती लागली होती हे विसरून. तक्ता भिंतीवरच राहिला. चौकशीच्या खुर्चीवर बसायला मात्र त्यांना बंदी झाली.

पंधरा दिवसांनी एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

“अगं, जरा ऐक. यांना काय झालंय? सकाळी दूध उतू गेलं, तर म्हणाले, माझं चुकलं. आत्ता मी म्हटलं, छत्री तुम्हीच हरवलीत, तर पुन्हा म्हणाले, हो, माझं चुकलं. दोनदा! मला भीती वाटायला लागलीय. डॉक्टरकडे नेऊ का?”

कोच मोरीपाशी उकिडवी बसली होती. हात कोपरापर्यंत गाळात, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये.

“तुम्ही काय म्हणालात मग, आई?”

“मी काय म्हणणार? चाळीस वर्षांत कधी वेळच आली नाही. म्हटलं, बरं, असू दे.”

“मग झालं तर. तेवढंच म्हणायचं. छत्रीचा विषय पुन्हा काढू नका.”

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली. मग सासूबाई म्हणाल्या, “आणि तीस वर्षांपूर्वीच्या पितळी डब्याचा?”

“तोही नाही, आई.”

“हे जरा जड आहे हं,” सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.